बाकावरची जन्मतारीख

काचेच्या कारखान्याचं फाटक ओलांडलं की डाव्या हाताला एक लांबट खोली लागे, आणि त्या खोलीबाहेर भिंतीला टेकून एक लाकडी बाक असे. बाकाचा रंग कधीच उडालेला. बसणाऱ्यांच्या अंगाने मधली फळी घासून इतकी गुळगुळीत झालेली, की नवखा माणूस टेकला तर हलकेच मध्यभागी घसरायचा. या बाकावर तीनशेच्या आसपास माणसं जन्माला आली. थट्टा करत नाही. आईच्या पोटातून ती आधीच आली होती. पण कारखाना ज्याला जन्म म्हणतो, तो त्यांना इथे मिळाला.

देणारे होते मास्तर. शाळेचे नव्हेत, हजेरीचे. मस्टर त्यांच्याकडे, रजेचे अर्ज त्यांच्याकडे, नेमणुकीची पत्रं त्यांच्याकडे, आणि लोखंडी कपाटात प्रत्येक माणसाचं एकेक सेवापुस्तक. अंगाने काटकुळे, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. अक्षर असं, की बाहेरून आलेले साहेब मजकूर न वाचता आधी अक्षरच बघत राहायचे. मास्तर त्या अक्षराला जपत, आणि त्याहून जास्त एका गोष्टीला जपत. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही नोंदीवर खाडाखोड केली नव्हती. हे ते स्वतः सांगत. न विचारता सांगत.

खेड्यापाड्यांतून माणूस कामाला येई, तेव्हा त्याच्याकडे जन्माचा कागद नसे. मास्तर त्याला बाकावर बसवत, पाणी देत आणि विचारत, "कोणत्या सालचा?"

"आता काय सांगू मास्तर? मी काय तेव्हा लिहून ठेवलं?"

"आई काय म्हणते? नदीवरचा पूल पडला तेव्हा तू होतास का?"

"पोटात होतो म्हणते."

मग मास्तर साल काढत. पूल पडला ते साल, पूल पुन्हा उभा राहिला ते साल, टोळ आले ते, बाजारात आग लागली ते. त्यांच्या डोक्यात ही सगळी सालं खुंट्यांसारखी ठोकलेली होती. माणूस आला की त्याला कुठल्या ना कुठल्या खुंटीला अडकवत. साल मिळे, पण दिवस आणि महिना कुठून आणायचा? मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत आणि त्या दिवशीचीच तारीख लिहीत. "आजच जन्मलास असं समज," ते म्हणत. "नाहीतरी आजपासून भोंग्यावरच जगायचंय."

त्यामुळे कारखान्यातल्या निम्म्याअधिक लोकांचा वाढदिवस म्हणजे कामावर रुजू झाल्याचा दिवस. ते त्याला वाढदिवस म्हणतही नसत. "माझा बाक मार्चातला," असं म्हणत. "तुझा?" "माझा ऑगस्टातला." कुणाचा बाक आला की पाळी सुटल्यावर तो इतरांना चहा पाजायचा. पद्धत हसण्यासारखी असेल, पण तिच्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

एक नोंद मात्र खोटी होती, आणि ती मास्तरांनी जाणूनबुजून लिहिली होती.

मास्तर एकोणीस वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. कचेरीत चिकटून तीन महिने झाले होते. बाप भट्टीवर होता. एका दुपारी पाळी सुटताना तो भिंतीला पाठ लावून खाली बसला, तो उठलाच नाही. आई आधीच अंथरुणाला खिळलेली. राहायला कारखान्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर. पण क्वार्टर मिळे ते हाताने काम करणाऱ्यांना, कचेरीत बसणाऱ्यांना नव्हे. घरातलं कुणी कामावर नसेल तर महिन्याच्या आत चावी परत. उरली धाकटी बहीण. वय चौदा. आणि फाटकाचा नियम अठराचा.

मास्तरांनी तिला घरी समोर बसवून पढवलं. "विचारलं की पूल पडला त्या साली, असं सांगायचं. उभा राहिला त्या साली नाही. पडला त्या साली." पूल पडल्यावर तो उभा राहायला चार वर्षं लागली होती; पोर खरी जन्मली होती तो उभा राहिला तेव्हा. दिवसभर ती ते वाक्य तोंडात घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या अकरा तारखेला, ती आईची साडी नेसून बाकावर बसली. थोरला कारकून आतून बघत होता. मास्तरांनी परक्यासारखं विचारलं, "कोणत्या सालचा जन्म?"

"पडला त्या सालचा."

"काय पडलं?"

"पूल."

थोरला कारकून हसला. मास्तरांनी लिहिलं, वाळवलं, वही मिटली. मग कुणी बघत नाही असं पाहून खिशातला बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला. पुडा ओंजळीत धरून ती आत गेली, आणि तिची चार वर्षं बाकावरच राहिली.

तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथे भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून येतात, मागे पांढरा उजेड असतो, आणि त्या उजेडात बाई एकेक बाटली फिरवून बघते. आत बुडबुडा आहे का, मानेला चीर आहे का. पहिल्या वर्षातच तिचं नाव भिंग पडलं. मोहरीएवढा बुडबुडा तिला वाटाण्याएवढा दिसे. एका बाटलीला एक नजर. चांगली असेल तर डावीकडे पेटीत, नसेल तर उजवीकडे टोपलीत. टोपलीत टाकलेल्या बाटलीकडे ती पुन्हा वळून बघत नसे.

पुढे तिचं लग्न झालं, नवरा क्वार्टरवरच राहायला आला, ट्रकवर होता, एका वळणावर गेला. मागे एक मुलगी. मास्तरांनी लग्न करून गावात वेगळं घर केलं होतं. पण दर अकरा मेला ते बिस्किटांचा पुडा घेऊन बहिणीच्या दारात उभे राहत. आणि दर अकरा मेला ती चहा ठेवता ठेवता विचारी, "दादा, माझी चार वर्षं कधी परत लिहितोस?"

"लिहू की. मी कुठे पळून चाललोय?"

सोय होती तशी. वयात चूक निघाली तर मास्तरांनी एक निवेदन लिहायचं, मॅनेजरची सही घ्यायची, आणि शिक्का मारून सेवापुस्तकाला जोडायचं. अशी अकरा निवेदनं मास्तरांनी अकरा लोकांसाठी लिहिली होती. बहिणीचं लिहिलं नाही. कारण एकच, लोक काय म्हणतील. "मास्तराने बहिणीचं वय कमी केलं" हे वाक्य कुणी अजून बोललं नव्हतं, तरी मास्तरांच्या कानात ते वाजायचं. कारखान्यात ते तिला 'बाई' म्हणत, तिचा रजेचा अर्ज सगळ्यांच्या अर्जाखाली ठेवत. टेबलावरच्या बायका चिडवायच्या, "काय गं भिंग, सख्खा भाऊ मास्तर, आणि तू रजेच्या खिडकीत अजून उभीच?" ती म्हणायची, "माझा भाऊ घरी राहतो गं. इथे त्याचा जुळा येतो."

मास्तरांना हे कळे आणि त्याचा त्यांना अभिमानच वाटे. शेवटच्या वर्षी लिहू, ते ठरवत. तेव्हा कुणी फारसं बोलणार नाही.

शेवटचं वर्ष आलं. हातकामाची निवृत्ती अठ्ठावन्नला, कचेरीची साठला. येत्या अकरा मेला भिंग कागदावर अठ्ठावन्न पूर्ण करणार होती आणि अंगाने चौपन्नची होती. भाची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. अजून तीन वर्षं ते दोन खोल्यांचं छप्पर हवं होतं, मग पोर नोकरीला लागली असती आणि कुणाचीच मिनतवारी उरली नसती. चार वर्षं परत मिळाली तर सगळं बसत होतं, वर एक वर्ष शिल्लक राहत होतं. मास्तरांनी निवेदनासाठी चांगला जाड कागदही आणून ठेवला होता.

आणि जानेवारीत धाकट्या मालकांनी मास्तरांना वर बोलावलं.

थोरले मालक वारल्यावर कारखाना मुलाकडे आला होता. मुलगा वाईट नव्हता. त्याने मास्तरांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग टेबलावरचा कागदाचा गठ्ठा उगाच सरळ करत बसला.

"मास्तर, एचआरचं सगळं काम आपण बाहेर देतोय. शहरातली कंपनी आहे. रजा, नेमणुका, पगारपत्रक, तक्रारी, सगळं."

"का बरं? काही चुकलं का माझ्याकडून?"

"चुकलं काही नाही. पण बघा, आपण बाटल्या करणारी माणसं. माझा निम्मा दिवस कुणाची रजा अन् कुणाचं भांडण यात जातो. कायदे सहा महिन्यांना बदलतात. तुम्ही एकटे किती वाचणार? तिथे वीस माणसं नुसते कायदे वाचायला बसवलीत."

"आणि माणसं ओळखायला किती बसवलीत?"

धाकटे मालक हसले, पण ते हसू लगेच विरलं. "ओळख हीच तर अडचण आहे, मास्तर. तुमच्या खिडकीत ज्याचं बोलणं गोड त्याला रजा आधी मिळते, असं लोक म्हणतात. खरंखोटं देव जाणे. तिकडे सगळ्यांना एकच नियम." ते थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू? गेल्या वर्षी पॅकिंगमधली सहा माणसं काढावी लागली. आठ दिवस त्यांच्या बायका माझ्या फाटकात बसून होत्या. शिवीगाळ नाही, काही नाही. नुसत्या बसून. माझ्या मुलीला मागच्या दाराने शाळेत न्यावं लागलं. ती विचारायची, बाबा, त्या आपल्याकडे का बघतात? मला ते पुन्हा नको."

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. असं काम बाहेर का देतात, याची कारणं कागदावर छापलेली असतात: खर्च वाचतो, कायदा सांभाळला जातो, धंद्यात लक्ष घालता येतं. ती कारणं खोटी नसतात. पण त्या कागदावर न छापलेलं एक कारण असतं, आणि ते धाकट्या मालकांनी त्या दिवशी चहा गार होईपर्यंत सांगितलं. 'नाही' म्हणणारं तोंड गावात नको. ते कुठेतरी लांब असावं, जिथे कुणाची बायको जाऊन बसू शकत नाही.

मास्तरांना त्याच बाहेरच्या कंपनीने एका वर्षाच्या कंत्राटावर घेतलं. पद 'स्थानिक सहाय्यक'. जुन्या नोकरीचा राजीनामा त्यांनी स्वतःच्याच सुंदर अक्षरात लिहून दिला. सही करताना त्यांना बाहेरच्या कंपनीची फिकीर नव्हती. वह्या अजून आपल्या कपाटात आहेत, बहिणीचं निवेदन लिहून होईल, एवढंच मनात होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या कंपनीची मॅडम आली. पंचविशीची, पाठीवर जड पिशवी, प्रवासाने कोमेजलेली. तिने कपाटासमोर एक यंत्र मांडलं आणि सेवापुस्तकांची पानं त्याच्यावर ठेवायला सुरुवात केली. पान ठेवलं की उजेडाची एक रेघ त्याच्यावरून फिरायची. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे वळली.

"काका, एकशे सात लोकांची जन्मतारीख आणि रुजू तारीख एकच आहे. हे तुमचं चुकलंय की आमच्या यंत्राचं?"

मास्तरांनी तिला बाकाची गोष्ट सांगितली. पुलाची, टोळांची, आगीची. ती आधी खूप हसली. मग हसता हसता गप्प झाली. "काका, गोष्ट छान आहे हो. पण हे आमच्याकडे चालत नाही. शुक्रवारी सगळ्या तारखा कुलूपबंद होणार. नंतर बदल हवा असेल तर जन्मनोंदणीचा दाखला लागेल."

"दाखले असते तर बाक कशाला लागला असता?"

"ते बरोबर आहे," ती म्हणाली.

"आणि मॅनेजरच्या सहीचं निवेदन?"

"मॅनेजरचा तो अधिकार पहिल्या तारखेपासून आमच्याकडे आलाय ना."

कपाटातला जाड कागद त्यांना तिथूनही दिसत होता.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत भिंग कचेरीच्या दारात आली. टेबलावर बातमी पोचली होती. इतर लोक खुशीतच होते. रजेसाठी मास्तरांचं प्रवचन ऐकण्यापेक्षा फोन बरा, असं कितीतरी जण म्हणत होते. तिच्या चेहऱ्यावर मात्र रक्त नव्हतं.

"माझं पान झालं का यंत्रात?"

"नाही अजून. उद्या."

"मग पेन घे, दादा."

कारखान्यात ती पहिल्यांदाच त्यांना दादा म्हणाली. मास्तर दचकले, इकडेतिकडे बघितलं. "बाई, इथे..."

"बाई गेली चुलीत. एक आकडा आहे. एक रेघ मारायची आहे. तुझ्या त्या अक्षराला चाळीस वर्षांत एवढंही जमणार नाही? तू लिहिलंस तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मला विचारलंस का?"

"तेव्हा घर वाचवायचं होतं."

"आता काय वाचवायचंय?"

भोंगा झाला. जाता जाता ती म्हणाली, "तुझी वही घाण होईल म्हणून माझं घर जाऊ देऊ नकोस. एवढंच मागते."

मास्तरांनी तिचं सेवापुस्तक काढलं, तारखेचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. एक रेघ. कुणाला कळलंही नसतं. यंत्राला तर मुळीच नाही. ते अर्धा तास तसेच बसून राहिले, आणि मग त्यांनी त्यांच्या स्वभावातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट गोष्ट एकदमच केली. टोपण लावलं, जाड कागद ओढला आणि खरं ते लिहून काढलं. की सदर कामगार बाई माझी सख्खी बहीण असून तिचं वय मी स्वतः, त्या वेळी घरच्या अडचणीपायी, चार वर्षं वाढवून लिहिलं. दोष सर्वस्वी माझा आहे. तरी नोंद दुरुस्त व्हावी. खाली सही. एकही खाडाखोड नाही. त्यांना मनापासून वाटत होतं, की इतक्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं खरं कोणीही ऐकेल.

मॅडमने कागद वाचला. दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, हा कागद परत घ्या. मी वाचला नाही असं समजते."

"का?"

"तिकडे हे वाचणारी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. ते फक्त बघतील की यात कुठला नियम लागतो. ऐका माझं. घ्या परत."

तिने आणखी काय सांगायला हवं होतं? पण मास्तर ताठ झाले. "मॅडम, चाळीस वर्षांत मी दिलेला कागद परत घेतलेला नाही."

तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, जणू मोठ्या माणसाला हात धरून ओढावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. मग कागद यंत्राच्या काचेवर ठेवला. उजेडाची रेघ त्याच्यावरून फिरली.

त्याच दिवशी पाळी सुटताना मास्तरांनी बहिणीला फाटकाशी गाठून सांगितलं, "अर्ज केलाय. सगळं खरं लिहिलंय."

ती जागच्या जागी थांबली. "रेघ नाही मारलीस?"

"रेघेपेक्षा भक्कम आहे ते."

तिने पदर खोचला आणि ती चालू लागली.

तीन आठवडे उत्तर नाही. मास्तरांनी फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एक गोड आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते? आपला कर्मचारी क्रमांक?"

"माझा नाही, माझ्या बहिणीचा अर्ज आहे. मी इथला हजेरीचा..."

"सर, कर्मचारी क्रमांक."

त्यांनी तिचा क्रमांक सांगितला. तो त्यांनीच दिला होता.

"सर, अर्ज 'नोंदीत तफावत' या सदरात आहे. निर्णय झालेला आहे."

"काय निर्णय?"

"ते मला दिसत नाही, सर. स्थानिक सहाय्यकांकडे पत्र येईल."

"बाई, स्थानिक सहाय्यक मीच आहे."

"मग आपल्याकडेच येईल, सर. आणखी काही मदत?"

पत्र दोन दिवसांनी कंपनीने दिलेल्या टॅबवर आलं. मास्तरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. चुकीच्या माहितीवर मिळवलेली नोकरी ही नियमभंगात मोडते. दीर्घ सेवा लक्षात घेऊन पुढील कारवाई केली जाणार नाही. मात्र सेवा मार्चअखेर संपुष्टात येत आहे. निवासस्थान त्याच तारखेला रिकामं करावं. मागितली होती चार वर्षं. होता तो दीड महिनाही गेला. खाली मास्तरांसाठी सूचना होती: पत्र कर्मचाऱ्यास वाचून दाखवावे, ओळख पटवून स्वाक्षरी घ्यावी. खुद्द मास्तरांबद्दल एक ओळ होती. ज्यांनी नोंद केली ते आता आमच्या सेवेत नव्याने रुजू असल्याने जुन्या सेवेतील बाब विचारात घेतलेली नाही.

म्हणजे खोटं ज्याने लिहिलं तो सुटला, आणि जिला पढवलं होतं ती अडकली.

मास्तर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. धाकटे मालक फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कोण, ती भिंग? अरेरे. फार चांगली बाई. खरंच वाईट वाटतं, मास्तर."

"मग एक शब्द टाका ना. तुमचा कारखाना आहे."

"माझ्या हातात आता काही नाही हो. मी मध्ये पडलो तर मग ते बाहेर दिलं कशाला?" बोलताना त्यांचा चेहरा दुःखी होता, खांदे मात्र सैल पडले होते. अंगावरची जड पिशवी दुसऱ्या कुणी घेतल्यावर माणसाचे पडतात तसे. "तुम्ही त्यांच्या फोनवर बोलून बघा."

टाळत टाळत, मार्चच्या शेवटच्या शनिवारी मास्तरांनी बहिणीला बोलावणं पाठवलं. ती आली आणि न सांगता बाकावर बसली. फळीवरून हलकेच मध्यभागी घसरली, जशी सगळीच घसरतात. मास्तर टॅब घेऊन समोर उभे राहिले आणि वाचू लागले. 'संपुष्टात' या शब्दाशी ते थांबले.

"वाच पुढे," ती म्हणाली. "मला टेबलावर जायचंय. पट्टा चालू आहे."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग टॅबवर ओळख पटवण्याची चौकट आली. कर्मचाऱ्यास जन्मतारीख विचारावी.

"जन्मतारीख सांग," मास्तर म्हणाले.

"पूल उभा राहिला त्या साली."

"ती... ती घेत नाही हे. कागदावरची सांगावी लागते."

"खरी सांगितली तर?"

"मग ओळख पटत नाही."

ती हसली. फार वर्षांनी असं हसली असावी. दातांवर दात ठेवून. "चाळीस वर्षांपूर्वी याच बाकावर खोटं बोलल्याशिवाय आत घेतलं नाहीस. आता खोटं बोलल्याशिवाय बाहेरही सोडत नाहीस?"

मास्तरांनी टॅब तिच्यापुढे धरला.

"तूच सांग त्याला. तुझी तोंडपाठ आहे."

मास्तरांनी स्वतः ती तारीख भरली. अकरा मे, पूल पडला ते साल. चौकटीत हिरवी खूण उमटली. तिने बोटाने सही केली, उठली, आणि त्यांच्याकडे बघितलं. एकच नजर. मग टेबलाकडे निघून गेली आणि पाळी संपेपर्यंत बाटल्या बघत राहिली. त्या दिवशीही तिच्या पेटीत एकही वाईट बाटली गेली नाही.

क्वार्टर रिकामं झालं. बहिणीने बाजारामागे एक खोली घेतली; खिडकी नाही, दार गल्लीत उघडतं. भाचीने नर्सिंग सोडलं आणि कापडाच्या दुकानात उभी राहू लागली. मास्तर आपलं कंत्राटाचं वर्ष पुरं करत होते. खोलीबाहेरचा बाक एक दिवस हलवला गेला. आता नेमणुका शहरातूनच होतात, बसायला कुणी येत नाही. फळ्या कुणीतरी भट्टीकडे नेल्या.

अकरा मे आली. मास्तरांनी दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला, गल्लीत शिरले आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी. दादा."

आत भांड्यांचा आवाज थांबला. दार उघडलं नाही.

"काय काम आहे?"

"अकरा तारीख आहे गं आज. तुझा..."

"माझा जन्म थंडीतला आहे," आतून आवाज आला. चिडलेला नव्हता. टॅबवर आलेल्या त्या पत्रासारखा सपाट होता. "आई सांगायची. शेकोटी पेटवली होती म्हणे. तुला ठाऊक नसेल. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास, आणि पुढे कधी विचारलं नाहीस."

मास्तर उन्हात उभे राहिले. तीनशे माणसांना त्यांनी विचारलं होतं, आई काय म्हणते म्हणून. हिला विचारायचं राहून गेलं होतं.

पुडा उंबऱ्यावर ठेवावा की परत न्यावा हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही. शेवटी ठेवला. संध्याकाळी भाची दुकानातून परत आली तेव्हा तो तिथेच होता, उन्हाने वेष्टन आतून ओलसर झालेलं. तिने उचलून विचारलं, "आई, हा कुणाचा?"

"आपला नाही," भिंग म्हणाली. "ठेव तिथेच."